पिठाच्या डब्यातली चाबी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला आमच्या भागात कर म्हणतात. पोळा बैलांचा, कर माणसांची. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणायचं, पोळ्याला तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, आणि घरोघरी पुरणपोळी, आणि करीला मटण. मटणासोबत काय असतं ते कुणी सांगत नाही, कुणी विचारतही नाही. दुपार कलली की माणसं कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, नाहीतर वावरातल्या झोपडीत जाऊन बसतात. 'बसतात' एवढंच म्हणायचं. पितात, असं आमच्याकडे म्हणत नाहीत.

२०११ च्या करीला भाऊजी आमच्याकडे होते. ताई बाळंतपणाला आलेली, लेकरू दोन महिन्यांचं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात. भाऊजींचं वर्धा नदीच्या पलीकडे, वर्धा जिल्ह्यात. दोन्हींमध्ये अंतर फार नाही, मधे एक पूल. दुपारी अकरा-बारापासून ते, बाबा आणि आमचे काका मागच्या कोठ्यात बसले होते. पाच वाजता जेवणं झाली. सहा वाजता भाऊजी उठले आणि म्हणाले, 'निघतो. उद्या फवारणी आहे.'

चाबी सापडेना. खुंटीवर नाही, खिशात नाही. ती आईनं कुठं लपवली होती, हे फक्त मला माहीत होतं. ज्वारीच्या पिठाच्या डब्यात, मनगटाइतकी खोल. आई चुलीपुढून हलली नाही. भाऊजी ओसरीवर उभे, हसत होते, 'चाबी काहून लपवून राहिले मामी?' बाबांना ते लागलं. जावई दारात उभा आणि सासरचे त्याची चाबी दाबून बसलेले, हे त्यांच्यानं पाहवेना. ते आत आले आणि मला हळूच म्हणाले, 'जवायाचा मान आहे बेटा. दे काढून.'

मी हात घालून चाबी काढली. पिठानं पांढरी झाली होती. ओढणीनं पुसली आणि नेऊन दिली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आईनं माझ्याकडे पाहिलं. ती काहीच बोलली नाही. तिचं ते पाहणं मला अजून दिसतं.

पावणेसात वाजता, पुलाच्या अलीकडे तीन किलोमीटरवर, रस्त्याच्या डाव्या कडेनं एक माणूस सायकलनं घरी चालला होता. अडतीस वर्षांचा. एका शेतकऱ्याकडे सालगडी. करीला बैलांना जुंपत नाहीत, पण त्यांना वैरणपाणी करायला गडी लागतोच. मालकाच्या बैलांचं आटोपून तो निघाला होता. भाऊजींच्या मोटारसायकलनं त्याला मागून उडवलं. आभाळ आलेलं होतं, पण अंधार पडलेला नव्हता. भाऊजींनी पुढे कोर्टात सांगितलं की सायकल एकदम समोर आली. सायकल एकदम समोर येत नसते. ती कितीतरी वेळ समोरच होती.

पंचनाम्याची नक्कल मी नंतर वाचली. तलाठ्याच्या उताऱ्यासारखी कोरडी भाषा. सायकल एक, मागील चाक वाकलेले. चप्पल एक, डाव्या पायाची. स्टीलचा डबा एक, त्यात पुरणाच्या पोळ्या चार. अंगावर नवीन पांढरा शर्ट, कॉलरमध्ये पुठ्ठ्याची पट्टी. पोळ्याला मालक गड्याला कपडे करतो, तो रिवाज आहे. आदल्या दिवशी मिळालेला शर्ट त्यानं दुसऱ्या दिवशीही घातला होता आणि कॉलर ताठ राहावी म्हणून पुठ्ठा काढला नव्हता.

भाऊजींना फारसं लागलं नाही. पोलिसांनी ग्रामीण रुग्णालयात नेऊन रक्त घेतलं. त्याचा रिपोर्ट चार महिन्यांनी आला. १०० मिलिलिटर रक्तात १३८ मिलिग्रॅम अल्कोहोल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे.

आता मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या १३८ चं गणित मी तेव्हाच वहीच्या मागच्या पानावर केलं होतं, आणि ते मला पाठ आहे. देशीचा एक पव्वा म्हणजे १८० मिलिलिटर. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे निव्वळ अल्कोहोल ७७ मिलिलिटर, वजनात साधारण ६० ग्रॅम. साठ-पासष्ट किलोच्या माणसानं तेवढं एकदम रिचवलं की रक्तातला आकडा १४० च्या आसपास जातो. एकच पव्वा. 'एकच तर घेतला' असं ज्याच्याबद्दल म्हणतात, तो एक.

आणि ती उतरते कशी? यकृत तिला आपल्या चालीनं जाळतं, तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. लिंबू चोखा, ताक प्या, काळा चहा घ्या, डोक्यावर बादलीभर पाणी ओता, ती चाल बदलत नाही. चहानं झोप उडते, दारू तिथंच राहते. १३८ वरून ३० वर यायला सात तास लागले असते. म्हणजे भाऊजी रात्री दोनच्या सुमाराला गाडी चालवण्याजोगे झाले असते. ओसरीवर खाट टाकलेली होती. आईनं त्यावर धुतलेली चादरही घातली होती.

हे सात तास आपल्याकडे कुणी मोजतच नाही. लग्नाच्या आदल्या रात्री बारा-एकपर्यंत मंडळी बसलेली असतात आणि सकाळी सहाला तोच ड्रायव्हर क्रूझरमध्ये पंधरा वऱ्हाडी भरून निघतो. आंघोळ केलेली, कपाळाला गंध लावलेला, तोंडात पान. तो प्यालेला आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. त्याच्या रक्ताला मात्र सकाळ झाल्याचं कळलेलं नसतं.

'त्याले चढतच नाही,' हे वाक्य मी शंभरदा ऐकलं आहे. भाऊजींबद्दलही ते म्हटलं जाई. आणि ते खरंच नीट बोलत होते, नीट चालत होते, ताईच्या लेकराला नीट उचलून घेतलं होतं. सवयीच्या माणसाची जीभ अडखळत नाही, पाय लटपटत नाहीत. पण समोरचं दिसून हातापर्यंत हुकूम पोचायला जो क्षण लागतो, तो त्याचाही लांबतो. त्याआधी आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे आपल्याला जमणार नाही हे ओळखण्याची अक्कल. ताशी ५० च्या वेगात मोटारसायकल एका सेकंदात १४ मीटर पुढे जाते. बैल जुंपलेल्या दोन बंड्या एकामागे एक उभ्या केल्या तरी तेवढी लांबी भरत नाही. एक सेकंद उशिरा ब्रेक लागला म्हणजे दोन बंड्यांच्या जागेत जे कुणी असेल ते गेलं. आमच्या रस्त्यांवर त्या जागेत कायम कुणीतरी असतं. निंदण करून परतणाऱ्या बाया, बिनदिव्याची ट्रॉली, सायकलवरचा गडी.

नदीचं सांगायला हवं. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, गांधीजींच्या सेवाग्रामचा जिल्हा म्हणून. गडचिरोलीत १९९३ पासून आहे. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली. यवतमाळात नाही. म्हणजे आमच्या काठाला दुकान आणि पलीकडच्या काठाला बंदी. सांज झाली की पुलावरून गाड्या इकडे येतात, रात्री त्याच गाड्या तिकडे जातात. येताना सरळ येतात, परतताना कशा जातात ते पुलाचे कठडे पाहून कळतं. चंद्रपुरात बंदी होती तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या वणीच्या बाजूलाही हेच चालायचं.

हे लिहून दारूबंदीला बोल लावायचा नाही. गडचिरोलीच्या बायांनी, चंद्रपूरच्या बायांनी जे केलं ते घर वाचवण्यासाठी केलं. आमच्या यवतमाळातही बाया जिल्हाबंदीसाठी रस्त्यावर उतरल्या आहेत, त्यात मीही चालले आहे. आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद व्हावं म्हणून, मत द्यायला नवऱ्याचा मार खाऊन आलेली बाई मी पाहिली आहे, तिच्यासमोर मी कोणता युक्तिवाद करू? पण बंदी हद्दीपाशी संपते आणि रस्ता तिथं संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाला हे दिसलं होतं. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत असा आदेश झाला. मार्च २०१७ मध्ये वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटर केलं गेलं, आणि त्यानंतर शहरांपुरत्या आणि गावांपुरत्या सवलती येत गेल्या. पिणाऱ्याला २२० मीटर म्हणजे किती? आणि भाऊजी तर दुकानात प्यायलेच नव्हते. ते सासरी प्यायले होते, सासऱ्याच्या हातून.

खटला सहा वर्षं चालला. तेव्हा जुना कायदा होता, भारतीय दंड संहिता. बेदरकारपणे गाडी चालवल्याचं २७९, निष्काळजीपणे मृत्यू घडवल्याचं ३०४-अ, जास्तीत जास्त दोन वर्षं. दारू पिऊन चालवल्याचा दंड पहिल्या खेपेला दोन हजारांपर्यंत. भाऊजींना एक वर्ष झालं, अपिलात सहा महिन्यांवर आलं, ते त्यांनी भोगलं. लायसन्स गेलं. ताईनं त्या काळात काय सोसलं ते तिचं आहे, ती सांगेल तर सांगेल, मी लिहिणार नाही.

आज तीच घटना घडली तर हिशेब वेगळा असेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. यात कुणाला धक्काही लागलेला नसला तरी चालतं, नुसतं पिऊन हँडल धरलं एवढं पुरे. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, अटकेपासून दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी करावी लागते. फुंकायला किंवा रक्त द्यायला नकार दिला तर तो नकारच पुराव्याला जोड म्हणून वापरता येतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणानं जीव घेतल्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. आणि आपण जे करतो आहोत त्यानं माणूस मरू शकतो हे ठाऊक असताना केलं, असं कोर्टाला पटलं तर कलम १०५, सदोष मनुष्यवध, दहा वर्षांपर्यंत. हा शेवटचा मुद्दा नवा नाही. २००६ साली मुंबईत कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली मेले, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली सदोष मनुष्यवधच कायम केला होता. 'दारूच्या नशेत झालं, मुद्दाम थोडंच केलं' ही आमच्याकडची नेहमीची समजूत. तिथं नशेनं गुन्हा हलका झाला नाही, उलट जड झाला.

पण आमचं घर कैदेनं खचलं नाही. ते खचलं गाडीच्या कागदानं.

ती मोटारसायकल बाबांनी ताईच्या लग्नात दिली होती. शोरूममधून घेतली तेव्हा कागद बाबांच्या नावाचे झाले, आणि मग 'करू नावावर, कुठं पळून चालली' असं म्हणत तीन वर्षं गेली. गाडी विकली किंवा दिली तर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, हे आमच्या गावात कुणाला माहीत होतं? इन्शुरन्स पहिल्या वर्षाचा होता, तो संपला, पुन्हा काढला नाही. आता नव्या दुचाकीला विकतानाच पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो, तो नियम सप्टेंबर २०१८ मध्ये आला. तेव्हा नव्हता.

त्या माणसाच्या बायकोनं यवतमाळला मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा केला. एक नंबर सामनेवाले भाऊजी, दोन नंबर बाबा. बाबा तारखेला धुतलेलं धोतर नेसून जायचे, मी सोबत. वकील बाबांना म्हणाले होते, कागदावर ज्याचं नाव तो मालक. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं हेच पुन्हा स्पष्ट केलं, ताबा कुणाकडेही असो, नोंदणीत ज्याचं नाव त्याच्यावर जबाबदारी. विमा चालू असता तर कंपनीनं आधी त्या बाईला पैसे दिले असते. अशा प्रकरणात ते नंतर मालकाकडून वसूल करायला सांगितल्याचे निकाल आहेत, पण निदान तिला चार वर्षं थांबावं लागलं नसतं.

निकालाच्या दिवशी माणसाची किंमत कशी काढतात ते मी पाहिलं. महिन्याची कमाई साडेचार हजार धरली. वर्षाचे चोपन्न हजार. घरात बायको, दोन मुलं, म्हातारी आई, अशी चार माणसं त्याच्यावर अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. राहिले साडेचाळीस हजार. वय अडतीस, म्हणून गुणिले पंधरा. हा पंधराचा गुणक सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली ठरवून दिलेल्या तक्त्यातला आहे, छत्तीस ते चाळीस वयासाठी. सहा लाख साडेसात हजार. त्यावर क्रियाकर्माचे, वैधव्याचे थोडे, आणि दावा दाखल झाल्यापासून व्याज. बाबा अक्षर ओळखण्यापुरते शिकलेले, पण हिशेबात पक्के. बाहेर लिंबाखाली बसल्यावर म्हणाले, 'साडेचार हजार तं सालगड्याले भेटते. बरोबर धरले.' आणखी काही बोलले नाहीत.

दोघांनी मिळून किंवा कुणा एकानं भरावेत, असा हुकूम होता. भाऊजींच्या नावावर काही नव्हतं, जमीन त्यांच्या वडिलांची, सामाईक. मग आमचं विहिरीजवळचं दोन एकर वावर गेलं. तेवढ्यानं भागेना, तेव्हा बैलजोडी गेली. त्या वर्षी तोरणाखाली बाबा रिकाम्या हातांनी उभे होते. लोक झडत्या म्हणत होते, 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव', आणि बाबांच्या हातात कासरा नव्हता.

कायद्यात एक छोटं कलम आहे, १८८. दारू पिऊन गाडी चालवायला जो साथ देईल, त्यालाही तीच शिक्षा. वकिलांच्या टेबलावर पडलेल्या पुस्तकात मी ते स्वतः वाचलं. माझ्यावर ते कुणी लावलं नाही. पोलिसांनी मला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. चाबी देणारा हात पंचनाम्यात येत नाही.

पण मला वाटतं, आमच्याकडे हे अपघात त्या हातापाशीच सुरू होतात. पिणाऱ्याला थांबवायला जे माणूस लागतं ते तिथं हजर असतं, बहुतेक वेळा बाईमाणूस, आणि तिचा शब्द चालत नाही. कारण समोर जावई असतो, इवाई म्हणजे व्याही असतो, मोठा भाऊ असतो, सरपंच असतो, आणि त्याच्याकडे चाबी मागणं म्हणजे त्याला चार माणसांत दारुड्या म्हणणं. मेलेल्याच्या घरी जाऊन पाय धरणं आम्हाला जमतं. जित्या पाहुण्याला 'आज मुक्काम करा, चाबी देत नाही' म्हणणं जमत नाही.

आई आता म्हणते. करीला, होळीला, लग्नाच्या घरी, जो कुणी गाडीनं येईल त्याच्याकडून ती पाणी द्यायच्या आधी चाबी मागून घेते. प्यायलेला असो नसो, पिणार असो नसो, सगळ्यांच्याच. डबा तोच आहे. चुलतभावाचे सासरे एकदा यावरून रुसले, पायी एसटीच्या फाट्यावर गेले आणि दोन वर्षं आमच्या दारी आले नाहीत. बाबा घाबरले होते, आई नाही. 'येतीन नाही तं नाही येतीन,' म्हणाली. ते जिवंत आहेत, आणि आता येतात.

कोर्टात शेवटचा हप्ता भरला तेव्हा २०१७ चा डिसेंबर होता. बाबा म्हणाले, एकदा त्या घरी जाऊन येऊ. मी नको म्हणत होते. तरी गेले. त्या बाईनं बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. भिंतीला सायकल टेकलेली होती. मागचं चाक नवं, बाकी सगळी तीच. 'पोरगा शाळेत नेते,' ती म्हणाली. बाबांनी पैसे पूर्ण भरल्याचं सांगितलं. तिनं मान हलवली. मग माझ्याकडे पाहून विचारलं, 'चाबी तूच देल्ली होती ना?'

'हो,' म्हटलं.

'तुह्या मायनं लपवली होती म्हंतेत.'

'हो. पिठाच्या डब्यात.'

'मंग काढली काहून व बाई?'

तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. मी पोत्याच्या सुतळीकडे पाहत राहिले. बाबा शेजारीच होते. 'जवायाचा मान' हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत.